बिनकानाचे कप

दुबई-शारजाहून परतलेली माणसं सोन्याच्या बाजाराबद्दल सांगतात, उंच इमारतींबद्दल सांगतात, वाळूत उड्या मारणाऱ्या गाड्यांबद्दल सांगतात. ते सगळं मीही पाहिलं. पण मला सांगायचंय ते कपांबद्दल. साताऱ्याच्या शाळेत सत्तावीस वर्षं सातवीला गणित शिकवलं, तेव्हाही मी इतकी चिडले नव्हते जितकी त्या तीन आठवड्यांत चिडले, आणि त्यातला निम्मा राग तरी कपांवरून होता.

नंदा माझी धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांनी ती श्रीकांतरावांबरोबर शारजाला गेली, त्याला अठरा वर्षं झाली. श्रीकांतराव एका बांधकाम कंपनीत खरेदी बघतात. केतकी ही त्यांची एकुलती एक मुलगी, तिथेच जन्मलेली, त्या वर्षी दहावीत. रिटायर झाल्यावर मला पहिल्यांदाच सवड मिळाली आणि जानेवारीत मी त्यांच्याकडे गेले.

रोल्ला

शारजाच्या रोल्ला भागात त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खाली साड्यांची दुकानं, मल्याळी खानावळी, घड्याळं दुरुस्त करणारे. मराठी कानावर पडत नाही, पण हिंदीवर सगळं भागतं. पहिल्या सकाळी चहाला बसलो. हॉलची एक अख्खी भिंत काचेच्या कपाटाने व्यापलेली, आणि त्यात कपबश्या, सूपचे वाडगे, सोनेरी काठाच्या थाळ्या. काहींच्या तळाला किमतीची चिकटपट्टीसुद्धा तशीच. पलंगाखाली खोकी, त्यांवर जाड पेनने लिहिलेलं, "इंडिया".

आणि आम्ही चहा कशात पीत होतो? दूध पावडरच्या डब्याबरोबर फुकट मिळालेल्या मगांत. नंदाच्या हातात तर कान तुटलेला कप! जिथे कान होता तिथे दोन खरबरीत टेंगळं.

आपल्याकडे कपाचा कान तुटला की तो फेकत नाहीत. त्याची पायरी उतरते. मग त्याने डाळ मोजायची, त्यात विरजण लावायचं, नाहीतर घरच्या बाईने त्यात स्वतःचा चहा ओतून घ्यायचा. माझ्या घरी तो भांडी घासायला येणाऱ्या काशीबाईंचा असे. पण साताऱ्यातून उठून परदेशात संसार थाटलेल्या माझ्या बहिणीने भरलेल्या कपाटासमोर बसून असल्या कपात चहा प्यावा, हे मला सहन होईना.

"नंदे, हा काय प्रकार आहे?"

"अगं ताई, मला याचीच सवय झालीय. तू उपमा घे, गार होतोय."

"कपाटातले कप काय पूजेला ठेवलेत?"

श्रीकांतराव हसले. "ताई, ते गेस्टसाठी. आणि बाकीचं पुण्याच्या फ्लॅटसाठी. इन्शाल्ला, केतकीचं स्कूल संपलं की परतच जायचंय ना. तिकडे सगळं नवं कोरं लागणार."

"अठरा वर्षं तुम्ही परतच जाताय," मी म्हटलं. ते पुन्हा हसले, टाय नीट केला आणि ऑफिसला गेले. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तो राग मी नंदावर काढला.

पुढच्या आठवड्यात मला तिच्या आणखी बऱ्याच गोष्टी खटकल्या. लोणच्याची बरणी उघडायला ती केतकीला हाका मारायची. फडकं पिळायचं झालं की टपकतं तसंच वाळत टाकायची. पोळ्या बंदच झाल्या होत्या. कोपऱ्यावरच्या बेकरीतून गरम खबूस, म्हणजे अरबी रोटी, आणायचा आणि आमटीत बुडवून खायचा. खबूस फार छान लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलीने कणीक मळू नये? परदेशात राहून बाई ऐदी झालीय, असं मी मनात म्हटलं. एक-दोनदा तोंडावरही म्हटलं. ती नुसती "हो गं" म्हणायची.

त्यांच्या लग्नाचा विसावा वाढदिवस जवळ आला होता आणि श्रीकांतरावांनी नवा डिनर सेट घ्यायचा बेत केला होता. तेव्हा मीही ठरवलं की या बाईच्या हातात रोजच्या वापराचा एक धड कप दिल्याशिवाय आपण विमानात बसायचं नाही.

सोनेरी काठाचं दुकान

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, श्रीकांतरावांनी गाडीतून सगळ्यांना दुबईतल्या एका मोठ्या क्रोकरीच्या दुकानात नेलं. दुकान कसलं, दिव्यांचा नुसता लखलखाट. विक्रेता केरळचा, फार नम्र.

"मॅडम, एकावन्न पीस. शोकेस में बहुत अच्छा लगेगा."

"शोकेसमध्ये कसा दिसेल ते नको सांगू. खाने में कैसा लगेगा?"

त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. तो श्रीकांतरावांकडे बघू लागला. श्रीकांतराव भाव करण्यात गुंतले होते आणि दर वेळी दिरहमचे रुपये करून मोठ्याने सांगत होते, म्हणजे आपण किती खर्च करतोय ते आम्हालाही कळावं. मी बाजूला झाले, तेवढ्यात एका मांडणीवर जपानी कप दिसले. लाकडी खोक्यात बसवलेले, निळसर राखी रंगाचे, दिखाऊपणा अजिबात नाही. मला एकदम आवडले. फक्त दोन गोष्टी खटकल्या. कपांना कान नव्हते आणि खोक्यात कप पाचच होते.

कानांचं एक वेळ सोडून दिलं. पण पाच? कप सहा असतात. अर्धा डझन, नाहीतर डझन. आजवर मी पाच कप कुठल्या दुकानात पाहिले नव्हते.

"इसमें से एक किसने लिया?" मी विक्रेत्याला विचारलं.

"नहीं मॅडम, जपानी पीस है, पाँच ही आता है."

"असं कसं येईल? दुसरा खोका खोलो."

त्याने दुसरा खोका उघडला. पाच. तिसरा उघडला. त्यातही पाच. आता माझी खात्रीच पटली की इथे प्रत्येक खोक्यातून एकेक कप काढून वेगळा विकायचा धंदा चालतो. मी मॅनेजरला बोलवायला लावलं. शाळेत मॉनिटरला उभं करावं तसं मी त्या सज्जन माणसाला माझ्यासमोर दहा मिनिटं उभं केलं.

"मावशी, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग," केतकी माझा पदर ओढत होती.

"बघू दे. चोरी आपण नाही केली."

शेवटी मॅनेजरने खोक्याच्या झाकणावरची छापील यादी दाखवली. पाचच. जपानात संच पाचाचाच असतो म्हणे, विषम आकडा शुभ म्हणून. आपणही आहेर करताना शंभरावर एक ठेवतो, तसंच. मी माफी मागितली, पण ती मागतानाही माझा आवाज चढलेलाच होता, हे केतकीने नंतर मला सांगितलं. त्या विक्रेत्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आला की लाज वाटते.

श्रीकांतरावांनी एकावन्न नगांचा सेट घेतला. तो घरी आला तो थेट कपाटात गेला.

एक चिठ्ठी

चार दिवसांनी घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये केतकी फळ्यावरच्या चिठ्ठ्या वाचत होती. गाव सोडून जाणारी माणसं तिथे पलंग, फ्रीज, सायकल विकायला लावतात. "मावशी, लुक! युअर कप्स," ती म्हणाली. चिठ्ठीत होतं, जपानी चहाची आणि जेवणाची भांडी, रोजच्या वापरातली, देश सोडत आहोत. खाली दुबईच्या जुमेरा भागातला फोन नंबर.

वापरलेली भांडी! खरं सांगते, माझ्याही मनात आधी तेच आलं जे तुमच्या आलं असेल. म्हणजे कुणाची तरी उष्टी. पण मग वाटलं, निदान कुणीतरी ती वापरली तरी आहेत. केतकीने फोन करून वेळ ठरवली.

गुरुवारी केतकीचा जादा तास होता, म्हणून नंदा आणि मी दोघीच निघालो. टॅक्सीने दुबईत गेलो आणि तिथून खाडी लाकडी होडीने ओलांडली. त्या होडीला तिथे अबरा म्हणतात. पाण्यावरून गार वारा, काठाला माल भरलेली जहाजं, एकीकडे मशिदीचे मनोरे. ती दहा मिनिटं मी खरोखर खूश होते. पण उतरताना नंदा कठड्याला धरेना. माझ्या दंडात दंड अडकवून तिने सगळा भार माझ्यावर टाकला.

"अगं, हाताने धर ना नीट! लहान आहेस का?"

"हो गं," ती म्हणाली.

इशिदाबाईंचं घर

चिठ्ठी लावणाऱ्या इशिदाबाई साठीच्या असतील. केस पांढरे, कापलेले, पायांत मोजे. नवऱ्याची बदली संपून दोघं परत चालले होते. घर निम्मं रिकामं झालेलं. त्यांनी आम्हाला बसवलं आणि चहा आणला. फिक्का हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, कोमट. कपाला कान नव्हता.

दुकानात बिनकानाचा कप बघणं वेगळं आणि कुणी आपल्याला त्यात चहा देणं वेगळं. माझ्या डोक्यात तिडीक उठली. आम्ही तिच्या दारात विकत घ्यायला आलो, मागायला नाही. आणि मग एकदम काशीबाई आठवल्या. आमच्या मागच्या पायरीवर बसून वर्षानुवर्षं असाच कप हातात घेणाऱ्या. त्यांना कधी असं वाटलं असेल का? हा विचार मला अजिबात आवडला नाही, त्यामुळे माझा पारा आणखी चढला.

"हँडल नाही का?" मी इंग्रजीत विचारलंच.

बाई सावकाश इंग्रजी बोलत. "नाही. हाताला फार गरम लागला, तर तोंडालाही गरम. मग थांबायचं."

मी चहा प्याले. वाईट नव्हता.

मग त्यांनी चटईवर भांडी मांडली. एकासारखं एक नाही. मी सवयीने "सहा" म्हणाले.

"घरात किती माणसं?"

"तीन," नंदा म्हणाली.

"मग तीन. पाहुण्यासाठी एक वेगळा. आमच्याकडे प्रत्येकाचा कप आपला आपला, भाताचा वाडगाही आपला. मुलगा घर सोडून गेला तरी त्याचा वाडगा तिथेच राहतो."

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि एकेक कप हातात दिला. हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. कप आधी हाताने बघायचा. वजन तळाशी आहे की वर? खालचं कडं बोटाला सापडतं का? काठ ओठाला जाड लागतो की पातळ? बोटाने टिचकी मारली तर आवाज स्वच्छ येतो का? तुम्ही काय जेवता, असं त्यांनी विचारलं. आम्ही भात, भाजी, आमटी म्हणालो. आमटीची वाटी उचलून तोंडाला लावता का? मी म्हटलं, लावतो, पण ही शारजाची पोरं आम्हाला नावं ठेवतात. बाई खूप हसल्या. त्यांनी उंच कड्याचे वाडगे पुढे केले, म्हणाल्या की हे उचलण्यासाठीच आहेत. एक पांढरा, बारीक भेगांच्या नक्षीचा वाडगा मला आवडला, तर तो त्यांनी काढून घेतला. तुमच्या हळदीने महिन्यात पिवळा होईल, काळपट घ्या. आणि वापरायच्या आधी तांदूळ धुतलेल्या पाण्यात मंद उकळा, म्हणजे मातीची भोकं बुजतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. तांदळाच्या धुवणाची किंमत कळणारी बाई मला त्या देशात पहिल्यांदाच भेटली होती.

मग निळ्या वेलींची एक जोडी पुढे आली. एक मोठा, एक लहान. "नवऱ्याचा आणि बायकोचा," त्या म्हणाल्या.

"आणि लहान कुणाचा?"

"बायकोचा."

झालं! "म्हणजे तुमच्याकडेही हेच! नवऱ्याला भरून आणि बायकोला घोटभर? साता समुद्रांपलीकडे जाऊन कप बनवले तरी बायकोचा लहानच का?" माझ्या तोंडून मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकदम बाहेर पडलं.

इशिदाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ही जोडी आम्ही तीस वर्षं वापरली," त्या म्हणाल्या. "मोठा माझा. मला चहा जास्त लागतो."

नंदा खळखळून हसली. इतक्या दिवसांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, जोडीतला कप तिच्या हातात दिला आणि लगेच परत घेतला. मग मागच्या फळीवरून एक जाड, काळा, किंचित खडबडीत कप काढला, त्यात गरम पाणी ओतलं आणि नंदाच्या दोन्ही तळव्यांत ठेवला. तिची बोटं एकेक करून कपाभोवती गुंडाळली. तिच्या मधल्या बोटाच्या पेरावर आपला अंगठा अगदी हलका टेकवला.

"सकाळी जास्त?" त्यांनी विचारलं.

नंदाचं हसू थांबलं. "सकाळी तासभर," ती म्हणाली.

"माझ्या आईचे हात असेच होते. हा जाड दिसतो, पण हलका आहे, निसटत नाही. ऊब बरी वाटते."

मी माझ्या बहिणीची बोटं पाहिली. पेरं सुजलेली, दोन बोटं वाकडी व्हायला लागलेली. कुठल्याही कपाच्या कानात ती बोटं शिरली नसती.

जुमेराच्या बसस्टॉपवर

वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी मांडीवर घेऊन आम्ही बसस्टॉपच्या बाकावर बसलो.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"श्रीकांतरावांना माहीत आहे?"

"नाही. सांगितलं तर इंडियाला पाठवतील. वरच्या मजल्यावरच्या देशपांडेबाईंना पाठवलं ना. इथे ट्रीटमेंट महाग, तिकडे घरची माणसं आहेत, म्हणून. दोन वर्षं त्या तिकडे, नवरा आणि मुलगा इकडे. केतकीची अजून दोन वर्षं शाळा आहे, ताई. मला माझं घर सोडून कुणाच्या तरी ओसरीवर आजारी म्हणून बसायचं नाही."

"मला तरी सांगायचं होतंस!" मी ओरडले. बाजूचा पठाण टॅक्सीवाला वळून बघू लागला. "इतके दिवस मी तुझ्या घरात आहे!"

नंदा अगदी साधेपणाने म्हणाली, "कधी सांगणार होते? तू आल्यापासून चिडलेलीच आहेस."

बरण्या, फडकं, खबूस, होडीचा कठडा. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं, आणि मी प्रत्येक वेळी तिला रागावून मोकळी झाले होते. परक्या बाईला जे पाऊण तासात दिसलं, ते मला दोन आठवड्यांत दिसलं नाही. मी तिला वचन दिलं की घरी काही बोलणार नाही. माझ्यासारखीला ते किती जड, ते तुम्हाला आता कळलं असेल.

संध्याकाळचा चहा

श्रीकांतराव आले, त्यांनी टेबलावर मांडलेली भांडी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"ताई, सेकंड-हँड? लोकांची उष्टी भांडी? परवाच एकावन्न पीसचा सेट आणला ना! आणि हे काय, सेटपण नाही, मॅचिंग नाही, हँडल नाही!"

मी ओठ घट्ट मिटून बसले. नंदाने चहा आणला, आपला दुधाचा, खळाखळा उकळलेला. इशिदाबाईंनी सांगितलं होतं की पाऊण भरायचा, काठाला आणि कड्याला धरायचं. श्रीकांतरावांनी सरळ मध्येच मूठ आवळली.

"आई गं! भाजला! हे काय पिण्याचे कप आहेत?" त्यांनी बोटं झटकली आणि नंदाकडे पाहिलं. ती काळा कप दोन्ही तळव्यांत धरून बसली होती. "तुला कसं नाही भाजत?"

"भाजतं थोडं," नंदा म्हणाली. "पण बोटं सुटतात."

"सुटतात म्हणजे?"

केतकीनेही मान वर केली. "मम्मा, व्हॉट डू यू मीन?"

नंदाने कप खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. श्रीकांतरावांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. त्यांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांनी तिची बोटं धरली, पण कशी धरावीत ते त्यांना कळेना.

"अगं, बोलायचं नाही का? तू... तू असं कर, ताईंबरोबरच जा. उद्याच तिकीट काढतो. पुण्यात चांगले डॉक्टर आहेत, सगळी माणसं आहेत. केतकीचं मी मॅनेज करतो."

मी तोंड उघडणार होते. सत्तावीस वर्षांचा आवाज घशाशी आला होता. पण त्याआधीच टेबलावर तळवा आपटल्याचा आवाज आला, आणि तो माझा नव्हता.

"मी कुठेही जाणार नाही," नंदा म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण खाली आला नाही. "माझी बोटं दुखतायत, मी संपलेली नाही. अठरा वर्षं हे घर मी चालवलंय. डॉक्टर इथे असतात, ते इथे बघायचे. बरणी केतकी उघडेल, कणीक तुम्ही मळाल. मला पार्सल करायचं नाही. खलास."

केतकी आईकडे डोळे विस्फारून बघत होती. श्रीकांतराव माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्ही तरी समजवा तिला."

"मी काय समजावणार?" मी म्हटलं. "ती सांगतेय ते ऐका."

मग श्रीकांतरावांनी कप पुन्हा उचलला. या वेळी काठाला आणि खालच्या कड्याला धरून, हळू.

"कुठला डॉक्टर?" त्यांनी नंदाला विचारलं.

ठरलेल्या दिवशी मी एकटीच परत आले.